बाकी एक, उत्तरे दोन : सी भाषेतील एका जुन्या निवडीचा इतिहास

१/ ५ ला ३ ने भागले तर बाकी किती? शाळेतले उत्तर २. सी भाषेच्या गणिती लायब्ररीतील ‘एफमॉड’ हेच सांगते. त्याच लायब्ररीतील ‘रिमेंडर’ मात्र उणे १ सांगते. दोन्ही उत्तरे बिनचूक आहेत. या दुहेरीपणाचे मूळ गणितापेक्षा इतिहासात अधिक आहे.

२/ बाकी काढण्याआधी भागाकाराचा पूर्णांक ठरवावा लागतो. ५ भागिले ३ म्हणजे सुमारे १.६७. एफमॉड पुढचा भाग छाटून १ घेते, म्हणून बाकी २. रिमेंडर सर्वांत जवळचा पूर्णांक, म्हणजे २ घेते. ५ वजा ६, बाकी उणे १.

३/ १९८० साली इंटेलची ८०८७ ही गणिती चिप आली. तिची बाकी काढण्याची आज्ञा छाटणीची होती. फ्लोटिंग पॉइंट अंकगणिताचे सामाईक मानक तेव्हा मसुद्यातच होते. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने मात्र ‘जवळचा पूर्णांक’ हा नियम स्वीकारला. विल्यम काहान यांचा दोन्ही कामांत वाटा होता.

४/ १९८७ च्या ८०३८७ चिपमध्ये मानकाप्रमाणे चालणारी दुसरी आज्ञा आली. पहिली मात्र तशीच राहिली, कारण जुने प्रोग्राम तिच्यावर विसंबून होते.

५/ भाषेतही तोच क्रम दिसतो. १९८९ च्या सी मानकात फक्त एफमॉड होते. आयईईईचे अंक न वापरणाऱ्या यंत्रांवरही सी चालावी लागे. रिमेंडर मानकात आले ते १९९९ साली.

६/ हा फरक पुस्तकी नाही. दिशादर्शक ३५० अंश दाखवत असेल, तर ३६० ने भागल्यावर एफमॉड ३५० देते. रिमेंडर उणे १० देते, म्हणजे उत्तरेपासून किती ढळलो ते थेट सांगते. प्रश्न कोणता, यावर योग्य उत्तर ठरते.

७/ एफमॉडवर एक आरोप नेहमी होतो : १ ला ०.१ ने भागले की बाकी शून्य न येता ०.१ हून किंचित कमी येते. हा आरोप अन्यायाचा आहे. द्विमान पद्धतीत ०.१ नेमका लिहिताच येत नाही. डबल प्रकारात साठवलेली संख्या किंचित मोठी असते. ती १ मध्ये पूर्ण ९ वेळाच बसते. एफमॉडने दिलेल्या संख्यांची बाकी अचूकच काढली. चूक संख्या साठवतानाच शिरली होती.

८/ ‘संगणकाने सांगितले’ म्हणजे वाद मिटला, असे मानण्याची सवय म्हणूनच घातक आहे. प्रत्येक उत्तरामागे कुणीतरी, कधीतरी, कशाच्या तरी सोयीसाठी केलेली निवड असते. ताम्रपट वाचताना तो कुणी आणि का कोरविला, हे इतिहासाचा विद्यार्थी विचारतो. यंत्राच्या उत्तरालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे.