पालथं का व्हायचं, ते आधी सांगा

भाकरीचा घास छातीत अडकतो म्हणून शेजारच्या आजींची बेरियमची तपासणी झाली. कोल्हारला परतल्या आणि रडायलाच लागल्या. "पालथं पाडलं, वाकडंतिकडं वळवलं, वर पांढरं औषध पाजलं. कशासाठी, ते कुणी बोललं नाही." भीतीने त्यांनी भराभर घोट घेतले, अंग आखडलं, आणि तपासणी पुन्हा करायची ठरली. एक्स-रेच्या खोलीत ३० वर्षं काम करून मी निवृत्त झाले आहे. मला ते ऐकवेना.

समोरून सरळ फोटो घेतला तर अन्ननलिका मणक्यांच्या आड जाते. म्हणून पेशंटला पालथं झोपवून उजवी बाजू टेबलाला टेकवतात, डावी ३५ ते ४० अंश उचलतात, डावा गुडघा दुमडतात. मग मणके आणि हृदय यांच्या मधल्या जागेत अन्ननलिका मोकळी दिसते.

झोपवायचं कशाला, हे प्रवरेच्या पाटावर शेती करणाऱ्याला लगेच कळेल. उताराला पाणी आपसूक धावतं. मोटारीत दम किती, ते पाणी चढावर न्यायचं तेव्हा समजतं. उभ्याने प्यायलेलं बेरियम स्वतःच्या वजनानेही उतरतं. आडवं झाल्यावर अन्ननलिकेलाच ते ढकलावं लागतं. एक घोट गिळून थांबायचं तेही याचसाठी. लगोलग दुसरा गिळला, तर पहिल्या घोटामागची लाट मध्येच विरते आणि धडधाकट नलिकाही दुबळी वाटते.

एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. बेरियम हातात देण्याआधी ती द्या. टेबलावर एकदा वळवून दाखवा. बाई पेशंट असेल तर जवळ नर्स ठेवा. पेशंटनेही पाणी पिताना ठसका लागतो का, पालथं होता येतं का, हे आधी सांगावं. तपासणीनंतर डॉक्टरांनी मना केलं नसेल तर भरपूर पाणी प्यावं. शौचाला पांढरं झालं तर घाबरू नये.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी आजींना त्यांच्याच सतरंजीवर वळवलं, डाव्या गुडघ्याखाली उशी दिली, नळीने पाण्याचा एकच घोट घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी तपासणी एका दमात झाली.

पण मी काही प्रत्येक पेशंटच्या घरी पोचणार नाही. हे काम एक्स-रेच्या खोलीतच व्हायला हवं.