आधी रद्दी दाखवा

वर्षभर शॉप फ्लोअरवर फिरलेल्या ड्रॉइंगवर रिव्हिजनचा रकाना कोरा दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. चुका तर झालेल्याच असतात. कुणीतरी त्या मशीनवर परस्पर निस्तरलेल्या असतात आणि कागदाला त्याचा पत्ता नसतो. भोसरी एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये जिग-फिक्स्चरची ड्रॉइंग काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडनं अलगद खरवडायची, ते दिवस पाहिले. अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळ्यांतून पाणी काढलं, पुढे कॅडही शिकलो. साधनं बदलत गेली, कागदाच्या कोपऱ्यातला तो तक्ता मात्र कायम राहिला : काय बदललं, कुणी, कोणत्या तारखेला आणि का.

माझी पुतणी कलाशाखेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात असा तक्ता कुणी मागत नाही. ज्यूरीपुढे लावायला एक फायनल पोस्टर आणा म्हणतात. ते छान दिसलं की गुण छान. माझं भांडण याच्याशी आहे.

तिचा प्रकल्प म्हणजे एक नवं, तिचं स्वतःचं पात्र. कॉमिक असो, गेम असो वा अ‍ॅनिमेशन, पात्र पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी कागदावर घडवावं लागतं. ते कसं उभं राहतं, काय घालतं, चिडल्यावर तोंड कसं करतं, हे सगळं ठरवण्याच्या कामाला कॉन्सेप्ट आर्ट म्हणतात. माझ्या थोरल्या भावाच्या लेखी पोरगी कार्टून काढते. चाफेकर चौकात कुणी भेटून "मुलगी काय करते?" विचारलं, की तो "डिझाइनला आहे" एवढंच म्हणतो आणि समोरच्याला गाड्यांचं डिझाइन वाटू देतो. पिंपरी-चिंचवडमध्ये हा समज बिनबोभाट चालून जातो.

पहिलं पात्र तिनं काढलं ते तलवारवाल्या मुलीचं, चाकणच्या संग्रामदुर्गावरून सुचलेलं. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेपुढे जवळपास दोन महिने झुंजवलेला हा भुईकोट. अखेर मोगलांनी सुरुंगानं बुरूज उडवला तेव्हा तो पडला. विषयाला नाव ठेवायला जागा नाही. पण चित्रातल्या मुलीचे डोळे अर्ध्या चेहऱ्याएवढे, केस वाऱ्यावर, पाठीला लांबलचक केप. जपानी मालिकांतली कुठलीही एक मुलगी उचलून तिला नऊवारी नेसवली होती. मी काही बोललो नाही. म्हटलं, किल्ला तर बघून येऊ.

वस्तीनं चहूबाजूंनी कवळलेला तो किल्ला आम्ही पाहिला. तिथं तिनं पेन्सिल काढलीच नाही. काढली ती परतताना, आंबेठाण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर. (चाकणच्या ट्रॅफिकचा कुणाला तरी फायदा झाल्याचं हे मी पाहिलेलं एकमेव उदाहरण.) फर्स्ट शिफ्ट सुटली होती. कंपनीच्या बसमधून युनिफॉर्ममधल्या मुली उतरत होत्या, खराबवाडी-नाणेकरवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांकडे निघालेल्या. टाटा मोटर्सच्या पिंपरीतल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जुळवणारी अख्खी लाइन बायकांची आहे. चाकणला बजाजमध्येही बायकांची लाइन आहे. आठ मार्चला पेपरात त्यांचा एक ग्रुप फोटो येतो आणि विषय संपतो. पुतणी पुढे कितीतरी वेळा त्या चौकातल्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसली. एका मुलीनं वहीत डोकावून तिला सुधारलंसुद्धा, "ताई, आमचे केस असे दिसत नाहीत. टोपीच्या आत जाळी असते."

मग मी तिला सहज एक गोष्ट सांगितली. बेअरिंग गेलंय की चांगलं आहे, ते आमचे जुने फिटर कानानं ओळखायचे. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग एका सुरात घुमतं. खराब व्हायला लागलेलं मध्येच कुरकुरतं, आत वाळू सांडल्यासारखं. व्हायब्रेशन मोजायची यंत्रं आली तरी कित्येकांचा भरवसा अजून स्क्रू ड्रायव्हरवरच आहे.

तिला पात्र तिथं मिळालं. थर्ड शिफ्टची ट्रेनी, हिंगोलीकडून आलेली, विशीतली, जिला मशीनचं दुखणं ऐकू येतं. आणि लगेच अडचणही आली. आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या कानावर ९० डेसिबलपेक्षा जास्त आवाज पडू नये असा कारखान्यांचा नियम आहे. आवाज त्यावर जात असेल तिथं इअरप्लग घालावेच लागतात. म्हणजे जिची सगळी ताकद कानात, तिच्या कानात नियमानं बोळे. पुतणी हे ऐकून इतकी खूश झाली की मला कळेना, अडचणीत एवढं खूश व्हायचं काय! तिच्या म्हणण्याप्रमाणे गोष्ट आता आपोआप चालेल, कारण दर वेळी ऐकण्यासाठी त्या मुलीला नियम मोडावा लागेल.

यापुढचं काम मला सगळ्यात आवडलं. एकेक गोष्ट काढून टाकण्याचं काम. केप गेली, कारण फिरत्या शाफ्टजवळ केप घालून उभी राहिली तर सेफ्टी ऑफिसर पहिल्याच मिनिटाला तिला बाहेर काढेल. मोकळे केस गेले, बांगड्या गेल्या, अंगठी गेली. गळ्यात लोंबणारं आयकार्ड खिशाला क्लिपनं अडकलं. तिनं कमरेला एक लाल रुमाल दिला होता, रंगाचा ठिपका हवा म्हणून. मी म्हटलं, शॉपमध्ये लाल क्रेट रिजेक्शनचा, पिवळा रीवर्कचा, हिरवा ओके मालाचा. लाल रुमाल बांधलास तर कामगार वाचक काय समजेल? दोन दिवस ती गप्प होती. मग राखाडी-निळ्या युनिफॉर्मवर एकच रंग उरला, इअरप्लगच्या नारिंगी दोरीचा. कानातून काढलेले प्लग त्या दोरीवर गळ्यात लोंबतात, आणि ते लोंबताना दिसले की समजायचं, बाई ऐकतायत.

पात्र जमलं की नाही याची एक जुनी परीक्षा आहे. आकृती आतून पूर्ण काळी भरायची आणि नुसत्या बाह्यरेषेवरून ती ओळखू येते का बघायचं. 'टिंकल'मधला वसंत हळबे यांचा शिकारी शंभू घ्या. डोळ्यांवर ओढलेली टोपी एवढीच त्याची ओळख, डोळे कधी दिसत नाहीत आणि कुणाला त्यांची आठवणही येत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून डोक्यावरच्या मोजक्या केसांवर उभा आहे. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन तर काटछाटीतूनच जन्मला. सुरुवातीला ते चित्रात बंगाली, तमिळ, पंजाबी अशी निरनिराळ्या प्रांतांची गर्दी काढत. रोजच्या वेळेच्या दट्ट्यात माणसं कमी करत गेले आणि शेवटी धोतर आणि चौकड्यांच्या कोटातला एकटा उरला. आयुष्याची शेवटची वर्षं लक्ष्मण पुण्यातच होते. सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात त्या कॉमन मॅनचा पुतळाही आहे. तो बघताना, त्याच्यासाठी किती माणसं खोडली गेली, हे कुणाच्या मनात येत नसावं.

पुतणीच्या पात्राची काळी आकृती म्हणजे किंचित वाकलेली मान आणि कानाशी धरलेला स्क्रू ड्रायव्हर. मला लांबूनही ओळखू आली.

त्यानंतर तिनं टर्नअराउंड काढला, आणि इथं मात्र मी खुर्ची पुढे ओढून बसलो. एकच पात्र समोरून, तिरकं, बाजूनं आणि मागून. खांदा, कंबर, गुडघा यांच्या आडव्या रेघा चारही आकृत्यांतून सरळ गेलेल्या. हे तर एलिव्हेशन आणि साइड व्ह्यू! आयटीआयच्या पहिल्या वर्षी शिकवतात तेच. मी सवयीनं पट्टी ठेवून तपासायला लागलो. समोरून बघताना स्क्रू ड्रायव्हर तिच्या उजव्या खिशात, म्हणजे आपल्या डावीकडे. मागच्या आकृतीतही तिनं तो डावीकडेच काढलेला. "काका, ही मागून डावखुरी झाली," म्हणत तिनंच कपाळावर हात मारला. असला कागद पुढे गेला असता तर अ‍ॅनिमेशनवाल्यानं कोणता खिसा धरायचा? डिस्नेच्या स्टुडिओत 'पिनोकिओ'च्या वेळी, म्हणजे १९४० च्या आधी, पात्रांचे छोटे पुतळे घडवून चित्रकारांच्या टेबलांवर ठेवत. कुठल्याही बाजूनं चित्र काढायची वेळ आली तरी पात्र तेच राहावं, हा हेतू. मोटारींच्या डिझाइन स्टुडिओत आजही मातीचं मॉडेल घडवतात. या पट्ट्यातल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये.

आता इतकं सगळं झाल्यावर ज्यूरीपुढे जायचं ते एक पोस्टर. केप, लाल रुमाल, डावखुरी पाठ, टपरीवरचे चहाचे डाग पडलेले कागद, हे सगळं पलंगाखाली.

ही सवय शाळेपासूनची आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला दरवर्षी लाखो मुलं बसतात. स्मरणचित्राच्या पेपरात फुगेवाला, बसस्टॉप, गणपतीची मिरवणूक. क्लासमध्ये घोटून घेतलेल्या त्याच आकृत्या मुलं वेळेत उतरवतात. त्या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हातात ब्रश दिला, हे मी नाकारत नाही. पण तपासली जाते ती शेवटची शीट, आणि हातात पडते ती ग्रेड. पोरं तिथंच शिकतात की खोडलेलं लपवायचं असतं.

पूर्वी हे खपून जायचं, कारण फायनल चित्र काढायलाच कसब लागायचं. आता मोबाइलवर चार ओळी लिहिल्या की चित्र हजर. आम्ही घरी करून बघितलं. 'कारखान्यातली मराठी मुलगी' म्हटल्यावर पिवळं हेल्मेट, मोकळे केस, टिकली, मागे दातेरी चाकं आणि ठिणग्यांचा पाऊस. असेंब्ली लाइनवर ठिणग्या कुठून येणार, वेल्ड शॉप वेगळं असतं. चित्र दिसायला फक्कड होतं, भिंतीवर लावलं तर कदाचित पुतणीच्या पोस्टरपेक्षा जास्त लोक थांबतील. पण केस मोकळे का, याचं उत्तर त्या चित्राकडे नाही. पुतणीकडे केस झाकण्याचं आहे, दोरी नारिंगी असण्याचं आहे, केप नसण्याचं आहे. गुण द्यायचे तर या उत्तरांना द्यावेत. निदान निम्मे.

एका ओळखीच्या प्राध्यापकांना हे बोललो तर ते म्हणाले, मुलं फार चलाख आहेत. पोस्टर आधी करतील आणि 'प्रोसेस'ची कच्ची चित्रं मागाहून बनवतील. खरं आहे, होत असेल. आमच्याकडेही ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टरं भरली जात. पण पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारायची आमच्यात पद्धत आहे, आणि मागाहून भरलेलं रजिस्टर सहसा दुसऱ्या 'का'ला उघडं पडतं. प्रत्येक विद्यार्थ्यामागे दहा मिनिटं तोंडी विचारा. वेळ नाही, हे कारण मी ऐकून घेणार नाही. पोस्टरांसमोर फोटो काढायला वेळ असतो.

राज्याच्या मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी वेगळं धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत मनोरंजन क्षेत्राची वेव्हज परिषद झाली. गुंतवणूक, पार्क, रोजगार यांवर बरीच चर्चा होते, व्हावीही. पण बाहेरच्या स्टुडिओंची कामं स्वस्तात करून देण्यापलीकडे जायचं असेल तर इथली पात्रं लागतील, आणि ती इथल्या जागांवर जाऊन, बघून, खोडूनच घडतील.

आणि जागा तर बंद आहेत. इंजिनीअरिंगच्या मुलांना इंडस्ट्रियल व्हिजिट मिळते, बसभरून येतात आणि निम्मी पोरं कँटीनची चौकशी करतात. पुतणीनं एका कंपनीच्या गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला बसून चित्र काढायला घेतलं तर सिक्युरिटीनं वही बघायला मागितली आणि उठवलं. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला तशाच सूचना असतात. पण त्यामुळे तिनं आजवर चालू असेंब्ली लाइन आतून पाहिलेली नाही. जे काही आहे ते माझ्या आठवणीतून आणि टपरीवरच्या मुलींच्या बोलण्यातून. सध्या ती सेफ्टी शूजवर अडली आहे. पुढे लोखंडी टोपी असलेला तो जड बूट घालून आठ तास उभं राहिलेली मुलगी भार कोणत्या पायावर टाकते, हे तिला काढायचंय. मला ते सांगता येत नाही, मी खुर्चीवर बसून ड्रॉइंग काढली.

चाकण आणि भोसरीच्या उद्योजक संघटनांनी हे मनावर घ्यावं. महिन्यातला एक शनिवार, कला महाविद्यालयांची दहाच मुलं. मोबाइल गेटवर जमा, वही आणि पेन्सिल आत. कंपनीचं गुपित असेल ते मशीन झाकून ठेवा, आम्हाला माणसं बघायची आहेत. निघताना सेफ्टीवाल्यांनी वह्या चाळून बघाव्यात, हरकत नाही. मुलांसाठी बूट मात्र कंपनीनंच द्यावेत. दोन तास ते पायात राहिले, की पुतणीला मला विचारायची गरज उरणार नाही.