वसईचा गोन्सालो आपलाच

सोनपेठच्या परिसरात संत म्हटले की शेजारच्या गंगाखेडची जनाबाई आठवते. तिच्या पंक्तीला कुणी वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचे नाव घेतले, तर तीन आक्षेप पुढे येतात : तो पोर्तुगिजांचा, त्याचे मरण राजकारणातले आणि त्याची भक्ती म्हणजे परक्यांची हाडपूजा. तिन्ही आक्षेप तपासून पाहू.

पहिला आक्षेप जन्माचा. त्याचे वडील पोर्तुगीज सैनिक होते हे खरे. पण आई इथलीच. सुमारे १५५७ साली तो वसईत जन्मला, तिथेच जेझुइटांकडे शिकला आणि पुढे किशोरवयातच जपानला गेला. तिथली भाषा त्याने आत्मसात केली, काही काळ व्यापारही केला. मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात शिरला तो साधा बंधू म्हणून. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. १५९३ पासून जपानमध्ये त्याने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून काम केले. क्योतोत या संघाने कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. दळणकांडण करणाऱ्या जनाबाईसारख्या दासीला संतपद देणाऱ्या महाराष्ट्राने गोन्सालोची कुळी विचारावी, हे आपल्याच परंपरेला सोडून आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि मिशनऱ्यांमागून फौजा येतात, हा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा संशय बळावला. संशय निराधार नव्हता. फिलिपिन्स स्पेनने गिळले होते आणि गोव्यात इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा जुलूम चालू होता. पण मारणाऱ्याचा हेतू आणि मरणाऱ्याची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिदेयोशीने गोन्सालोसह ज्या सव्वीस ख्रिस्ती जनांना मृत्युदंड दिला, त्यांपैकी वीस जपानी होते. लुइस इबाराकी तर अवघ्या बारा वर्षांचा. क्योतोत त्यांचे कान कापले, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकले. या पोराला आणि दुभाष्याला कोणते राज्य मिळणार होते?

तिसरा आक्षेप भक्तीचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात स्मर्ना येथे वृद्ध बिशप पॉलिकार्पला श्रद्धेसाठी जाळले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती जनांनी त्याच्या अस्थी जपल्या आणि त्याचा मृत्युदिन साजरा करायचे ठरवले. उपासना ख्रिस्ताची, हुतात्म्यावर मात्र प्रेम, असा भेद त्यांनी तेव्हाच स्पष्ट नोंदवला. समाधीपुढे माथा टेकणाऱ्या आणि पुण्यतिथीचा सोहळा करणाऱ्या आपल्या लोकांना यात परके काय वाटावे?

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी गोन्सालोसह नागासाकीच्या त्या सव्वीस जणांना संत घोषित केले. २००८ मध्ये अल्फोन्सा यांना संतपद मिळाले. त्या पहिल्या भारतीय स्त्री संत. भारतात जन्मून तो मान मिळवणारा पहिला माणूस मात्र वसईचा, त्यांच्याही १४६ वर्षे आधीचा.

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, याचा अभिमान बाळगूनही गोन्सालोला वंदन करता येते. पोर्तुगिजांच्या जुलमाचा हिशेब पोर्तुगिजांकडे मागावा. परमुलखातल्या दुबळ्यांमध्ये राहून श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या वसईकराकडे नव्हे. महाराष्ट्राच्या संतांची ओळख मुलांना करून देताना जनाबाईबरोबर त्याचेही नाव सांगा.