आजार नसलेले रुग्ण

अकोल्यातील एकाच घरातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३मध्ये उघड झाले. एकाच घरात, एकाच सुमारास तिघींना हा विकार कसा, याचा शोध घेताना मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर त्वचा उजळ करणाऱ्या एका क्रीमपाशी येऊन थांबले. त्या क्रीममध्ये पारा होता. त्याच काळात केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही असाच अनुभव येत होता. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या अवधीत त्यांच्याकडे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यापैकी १५ रुग्णांमध्ये या विकाराचा एरवी क्वचित आढळणारा प्रकार होता आणि त्या १५पैकी १३ जणांनी आपण गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचे सांगितले. ही नोंद २०२४मध्ये 'किडनी इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या दोन्ही घटनांत भेसळ आहे, नियमभंग आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. यातल्या कोणीही ती डबी विकत घेतली तेव्हा त्वचेच्या रंगाला आजार म्हणता येण्यासारखे काहीही नव्हते. रुग्ण होण्याचे कारण 'उपचार' हेच होते.

वैद्यकशास्त्र नेहमी एक तराजू हाती धरून चालते. एका पारड्यात आजार, दुसऱ्यात उपचाराचा धोका. कर्करोगाच्या औषधाने केस गळतात, तरी ते घ्यावे लागते, कारण समोरच्या पारड्यात मृत्यू असतो. सौंदर्योपचारात मात्र आजाराचे पारडे मोकळे असते. त्यामुळे दुसऱ्या पारड्यातील धोका जवळपास शून्य असायला हवा. प्रत्यक्षात नेमके उलटे दिसते. जिथे सर्वांत अधिक दक्षता हवी, तिथेच ती सर्वांत कमी आहे. आणि ते मोकळे पारडे भरण्याचे काम माध्यमे करतात. त्यात ती टाकतात न्यूनगंड.

याचे सगळे खापर माध्यमांच्या माथी फोडणे अर्थातच अन्यायाचे ठरेल. गोऱ्या रंगाचे वेड दूरचित्रवाणीच्या आधीपासूनचे आहे. सावळ्या विठ्ठलापुढे लोटांगण घालणारा समाज सून मात्र गोरीच शोधत आला. 'वधू पाहिजे'च्या जाहिरातींत शिक्षणाच्या आधी रंग छापला जात असे. तरीही जुन्या पिढीच्या बोलण्यात 'नाकीडोळी नीटस' असा एक समंजस शब्दप्रयोग होता. मुलगी अप्सरा असावी अशी त्यात अपेक्षा नव्हती. ती चारचौघींसारखी असली तरी पुरे होते. आजच्या बाजाराने या शब्दप्रयोगाचे तुकडे केले. नाकाचा दर वेगळा, डोळ्यांखालच्या वर्तुळांचा वेगळा, ओठांचा वेगळा, कमरेचा वेगळा. संपूर्ण माणूस कोणी पाहतच नाही; दिसते ती दुरुस्त्यांची यादी.

ही यादी टप्प्याटप्प्याने वाढत गेली. हिंदुस्तान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' १९७५मध्ये बाजारात आणली. सावळ्या मुलीला आधी नकार मिळतो, मग क्रीम लावल्यावर नोकरी किंवा नवरा मिळतो, ही गोष्ट या प्रकारच्या जाहिरातींनी अनेक वर्षे सांगितली. २००५मध्ये इमामीने 'फेअर अँड हँडसम' आणून पुरुषांनाही त्याच रांगेत उभे केले. वर्णभेदाविरोधी आंदोलनाची लाट जगभर उसळल्यावर २०२०मध्ये 'फेअर अँड लव्हली'चे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. शब्द बदलला, पण गोरेपणाची ओढ तेवढ्याने ओसरत नाही. 'फेअर अँड हँडसम'च्या बाबतीत दिल्लीतील एका ग्राहकाने ७९ रुपयांच्या डबीवरून २०१३मध्ये तक्रार केली होती. तिच्यावर डिसेंबर २०२४मध्ये निकाल देताना जिल्हा ग्राहक आयोगाने ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून कंपनीला साडेचौदा लाख रुपयांचा दंड सुनावला. त्या निकालाला ११ वर्षे लागली, हे पुरेसे बोलके आहे.

दुसरा टप्पा सौंदर्यस्पर्धांचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण घेणारी रीटा फारिया १९६६मध्ये मिस वर्ल्ड झाली आणि नंतर मॉडेलिंगकडे पाठ फिरवून डॉक्टर झाली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे या दोन मोठ्या स्पर्धांचा मुकुट भारताकडे आला नाही. आर्थिक उदारीकरणानंतर चित्र पालटले. १९९४ ते २००० या सात वर्षांत मिस वर्ल्ड आणि मिस युनिव्हर्स मिळून सहा मुकुट भारताच्या वाट्याला आले. भारतीय स्त्री या काळात अचानक सुंदर झाली असे नव्हे. परदेशी प्रसाधन कंपन्यांसाठी भारताची बाजारपेठ याच काळात खुली झाली होती. उंची, कंबर आणि वजन यांचे आकडे मध्यमवर्गीय घरातल्या गप्पांत आले ते याच सुमारास.

केवळ पडद्यावरच्या प्रतिमांनी एवढा फरक पडतो का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर मिळाले आहे. तिथल्या नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी १९९५मध्ये पोहोचली. भरदार शरीर हे त्या समाजात सुबत्तेचे आणि चांगल्या संगोपनाचे लक्षण मानले जाई. हार्वर्डच्या संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची दूरचित्रवाणी आली तेव्हा आणि तीन वर्षांनी अशी दोनदा पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी १९९५मध्ये आढळली नव्हती. १९९८मध्ये असे करणाऱ्या मुलींचे प्रमाण ११.३ टक्क्यांवर गेले होते. शतकानुशतकांच्या संस्कारांना तीन वर्षांत तडा गेला. तोही साध्या मालिका पाहून.

फिजीतल्या मुलींपुढे निदान दूरच्या देशातील नट्या होत्या. आजच्या मुलीपुढे तिचाच चेहरा असतो, फिल्टर लावून सुधारलेला. तुलना आता नटीशी होत नाही, तर स्वतःच्याच खोट्या छायाचित्राशी होते. आपले 'सेल्फी'त दिसते तसे नाक करून द्या, अशी मागणी घेऊन लोक शल्यविशारदांकडे येऊ लागल्याची दखल अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१८मध्ये घेतली. त्याला 'स्नॅपचॅट डिसमॉर्फिया' असे नावही मिळाले. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने सप्टेंबर २०२१मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ती भावना आणखी तीव्र केली, असे सुमारे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी म्हटल्याची नोंद त्यात होती. म्हणजे कंपनीला हे ठाऊक होते.

न्यूनगंडाने भरलेले हे पारडे जड झाले की धोक्याचे पारडे दिसेनासे होते. त्यात नेमके काय असते, ते पाहू. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून चेहरा काही आठवड्यांत उजळतो. पण हा पारा त्वचेवाटे रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीला फेस येतो, पाय सुजतात, तोपर्यंत बरीच हानी झालेली असते. दुसरा गुन्हेगार स्टेरॉइड. खाज किंवा इसबासाठी थोडे दिवस वापरायचे मलम गोरेपणासाठी वर्षानुवर्षे चोळले जाते. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि नको तिथे लव येते. मलम थांबवावे तर चेहरा भाजल्यासारखा पेटतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. १४ स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८मध्ये केला. गल्लीतल्या औषधाच्या दुकानात तो किती पाळला जातो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

मलमाचे हे, तर शस्त्रक्रियेचे काय? चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड अभिनेत्री मे २०२२मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. घरच्यांना न सांगता ती दवाखान्यात गेली होती. पुरेशा सुविधा नसताना शस्त्रक्रिया केल्याचा आरोप तिच्या पालकांनी केला. शरीराच्या एका भागातील चरबी काढून नितंबात भरण्याच्या शस्त्रक्रियेची सध्या जगभर चलती आहे. या चरबीचा कण मोठ्या शिरेत शिरला तर तो थेट हृदय आणि फुप्फुसांकडे जातो. प्लास्टिक सर्जनांच्याच एका आंतरराष्ट्रीय कृतिदलाने २०१७मध्ये या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीन हजारांत एक इतके असू शकते, असा अंदाज दिला होता. निरोगी माणसासाठी हे प्रमाण भयावहच म्हणावे लागेल.

यात केवळ महिलाच भरडल्या जातात असेही नाही. मुंबईतील एका मध्यमवयीन व्यावसायिकाचा मार्च २०१९मध्ये केशरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत त्याच्या डोक्यावर सुमारे साडेनऊ हजार केसांची लावणी झाली होती. टक्कल हा आजार नाही. पण 'तिशीत टक्कल म्हणजे अपयश' असे वारंवार ऐकवले की तो आजार वाटू लागतो.

आपल्याकडे नियमांची बोंब असते, परदेशात सगळे सुरक्षित असते, हाही भ्रम आहे. फ्रान्समधील 'पीआयपी' ही कंपनी स्तनारोपणासाठी वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी औद्योगिक सिलिकॉन वापरत होती. २०१०मध्ये हे उघडकीला आले, तोवर तिचा माल युरोपीय सुरक्षिततेचा शिक्का मिरवीत अनेक देशांत पोहोचला होता. एकट्या फ्रान्समधील सुमारे ३० हजार महिलांना ही रोपणे काढून टाकण्याचा सल्ला तिथल्या सरकारने २०११च्या अखेरीस दिला. कंपनीच्या संस्थापकाला २०१३मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०१९मध्ये अ‍ॅलर्गन या बड्या कंपनीला खडबडीत पृष्ठभागाची स्तनरोपणे जगभरातून मागे घ्यावी लागली, कारण त्यांचा एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळला होता. अशी रोपणे आयुष्यभर टिकत नाहीत, हे अमेरिकेचे औषध प्रशासन स्वतःच सांगते. जाहिरातीत एक शस्त्रक्रिया दिसते. तिच्या पाठोपाठ येणाऱ्या पुढच्या दिसत नाहीत.

मग प्लास्टिक सर्जरीच वाईट का? मुळीच नाही. या शास्त्राच्या इतिहासात पुण्याला मानाचे स्थान आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपू सुलतानाच्या माणसांनी कापले होते. पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळावरची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्याचे सचित्र वर्णन १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आले आणि त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. भाजलेला चेहरा, दुभंगलेला ओठ, कर्करोगाने गमावलेला स्तन पुन्हा घडवणारे हेच शास्त्र आहे. कावसजीचे नाक कापले गेले होते. आज ज्यांना नवे नाक हवे आहे, त्यांचे नाक शाबूत आहे; कापली गेली आहे ती त्यांची स्वतःविषयीची आस्था. तिच्यावर सुरी चालत नाही. शरीरातील काल्पनिक व्यंगाने पछाडलेल्या व्यक्तींना शस्त्रक्रियेनंतरही सहसा समाधान मिळत नाही, हे मानसोपचारतज्ज्ञ सांगत आले आहेत.

नियम आहेत. प्रसाधनांत पारा घालण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे. पारायुक्त प्रसाधने २०२५पर्यंत पूर्ण बंद करण्याचा निर्णय पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३मध्ये घेतला आणि भारत त्या करारात आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्य शस्त्रक्रिया सुरू करता येणार नाहीत, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२मध्ये बजावले. असे बजावावे लागले, यातच परिस्थितीचे गांभीर्य आहे. जाहिरातींतील मॉडेलचे शरीर संगणकावर बारीक वा जाड केले असल्यास तसे छापण्याची सक्ती फ्रान्सने २०१७पासून केली; नॉर्वेनेही २०२२पासून तसा नियम लागू केला. आपल्याकडे तशी सक्ती करायला कोणती अडचण आहे?

सरकार जागे होईल तेव्हा होवो. तोपर्यंत ग्राहकाने काही पथ्ये पाळावीत. उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी नसलेली, आठवड्यात गोरे करणारी क्रीम घरात आणू नये. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर डॉक्टरची प्लास्टिक सर्जरीतील पदवी, भूलतज्ज्ञाची उपस्थिती आणि अतिदक्षता विभागाची सोय या तीन गोष्टी आधी विचाराव्यात. या प्रश्नांनी जो डॉक्टर रागावेल, त्याच्या दारातून परत फिरावे. सवलतीची मुदत आज रात्री संपते असे सांगणारा दवाखाना हा दवाखाना नसून दुकान आहे, हेही ओळखावे.

वृत्तपत्रांवरही यात जबाबदारी येते. पुरवणीच्या एका पानावर अशा मृत्यूंबद्दल हळहळ आणि शेजारच्या पानावर दहा दिवसांत उजळ कांतीची हमी, हे चित्र वाचकांनी पुष्कळदा पाहिले आहे. ज्या पारड्यात आजारच नाही, त्यात न्यूनगंड टाकणारे हात आवरले, तर तराजूचा काटा आपोआप सरळ होईल. निरोगी माणसाला रुग्ण ठरवण्याचा हा व्यवसाय जाहिरातदार आपण होऊन बंद करणार नाहीत. त्यांची भाषा ओळखून तिला नकार देणे मात्र आपल्या हाती आहे आणि त्याची सुरुवात घरातल्या मुलीच्या रंगाविषयी नातेवाइकांनी मारलेला शेरा तिथल्या तिथे थांबवण्यापासून करता येईल.