मानद पदाची मुदत

सार्वजनिक संस्थेच्या विश्वस्तांविषयी बोलताना आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते : 'पदरमोड करून संस्था चालवतात बिचारे.' हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते. महाराष्ट्रातील वाचनालये, वसतिगृहे, व्यायामशाळा, शिष्यवृत्त्या देणारे लहानमोठे न्यास हे सारे ज्यांनी उभे केले, त्यांनी मानधन तर सोडाच, एस.टी.चे भाडेही संस्थेकडून घेतले नाही. परंतु या कौतुकाची एक किंमत आपण मुकाट्याने मोजत आलो आहोत. जो पैसे घेत नाही त्याला जाब विचारणे असभ्यपणाचे, अशी समजूत रूढ झाली आहे. मानद पदातला मान टिकतो. हिशेब देण्याची सवय मात्र हळूहळू सुटते.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाचे गृहस्थ एका मोठ्या ट्रस्ट कंपनीचे अध्यक्ष होते. श्रीमंत माणसे मृत्युपत्रात एखाद्या ठरावीक कामासाठी पैसा ठेवून जातात. काळ बदलतो, ते काम संपते, पण पैसा मात्र मृताच्या शब्दात अडकून पडतो, हे त्यांनी व्यवसायात जवळून पाहिले होते. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या गळ्याभोवती, अशी ही अवस्था. त्यावर उपाय म्हणून 1914 च्या जानेवारीत गॉफ यांनी 'क्लीव्हलँड फाउंडेशन' स्थापन केले. अनेक देणगीदारांचा पैसा एका सामाईक निधीत जमा व्हावा आणि तो कोठे खर्च करायचा हे त्या त्या काळातील नागरिकांच्या समितीने ठरवावे, अशी ही कल्पना. सामुदायिक न्यास म्हणून आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या संस्थांचा हा आरंभ. मुंबईत 1991 साली स्थापन झालेला 'बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट' याच कुळातला.

गॉफ यांच्या योजनेतील खरी मेख निधीत नाही, समितीच्या नेमणुकीत आहे. पाच सदस्यांपैकी दोघे ट्रस्ट कंपनीने नेमायचे. उरलेल्या तिघांपैकी एक महापौराने, एक संघराज्याच्या न्यायालयातील ज्येष्ठ न्यायाधीशाने आणि एक वारसाहक्काची प्रकरणे पाहणाऱ्या स्थानिक न्यायाधीशाने. राजकीय पदावर असलेला किंवा ते मिळवू पाहणारा माणूस अपात्र. एकाच धर्मपंथाचे दोनपेक्षा अधिक सदस्य नकोत. म्हणजे विश्वस्तांनी विश्वस्त निवडायचे, या वर्तुळाला पहिल्याच दिवशी छेद दिला गेला. या समितीने सुरुवातीला काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. वाटायला पैसा फारसा नव्हता, कारण मृत्युपत्रांतील देणग्या हाती यायला वर्षे लागणार होती. तेव्हा समितीने शहराची पाहणी करवून घेतली. 1915 पासून शाळांची पाहणी झाली. पुढे 1921-22 मध्ये फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्यासारख्या कायदेपंडितांनी केली. धनादेश लिहिण्याआधी गावाला काय हवे आहे हे विचारायचे, हा पायंडा पैसा नसतानाच पडला.

आता कोणी म्हणेल, ही अमेरिकेची कथा आपल्याला कशाला? तर आपल्या घरची कथा याहून जुनी आहे. पुण्यातील पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी वाढल्या आणि त्या मांडणाऱ्या समितीची आवश्यकता भासू लागली. त्या हालचालींतून 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा जन्माला आली. सभेच्या सदस्यत्वाची अट अशी की, किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. पहिले पंचाण्णव सदस्य सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन बसले होते. देवस्थानाच्या पंचांना प्रश्न विचारायचा तर विचारणाराही कोणाचा तरी प्रतिनिधी हवा, एवढी स्पष्ट जाण त्या पिढीला होती. 'आपण कोणाच्या वतीने येथे बसलो आहोत?' हा प्रश्न आज किती विश्वस्त मंडळांत विचारला जातो?

स्वातंत्र्यानंतर हे काम कायद्याने हाती घेतले. 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्याच्या नावात आता 'महाराष्ट्र' आले आहे, विश्वस्तांवर पुष्कळ बंधने घालतो. हिशेबतपासणी सक्तीची आहे. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो. गैरवर्तन सिद्ध झाल्यास कलम 41 ड अन्वये विश्वस्ताला दूर करता येते. पण कायदा चोरी पकडू शकतो, सुस्ती पकडू शकत नाही. पंचवीस वर्षे एकच अध्यक्ष, तीच विषयपत्रिका, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' ते 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय', मध्ये चहा आणि शेवटी आभार. यात बेकायदा काहीच नाही. संस्था मात्र आतून वाळत जाते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. नोंदणीकृत संस्थेला सभासद असतात. निदान कागदावर तरी ते कार्यकारी मंडळ बदलू शकतात. म्हणून तेथे खरे राजकारण चालते ते सभासद-यादी बंद ठेवण्याचे. निव्वळ न्यासाला सभासदच नसतात. रिकामी जागा उरलेल्या विश्वस्तांनी भरायची असते. तेथे मित्र येतो, व्याही येतो, मोठा देणगीदार येतो. ज्यांच्यासाठी न्यास आहे त्यांच्यातला कोणी सहसा येत नाही. गॉफ यांना मृताच्या हाताचे भय होते. आपल्याकडे पकड सैल होत नाही ती जिवंत हाताची.

राज्य शासनाने 2025 साली अध्यादेश काढून तहहयात विश्वस्तांच्या संख्येला एक चतुर्थांशाची मर्यादा घातली, ती या पार्श्वभूमीवर. तिचा प्रत्यक्ष परिणाम न्यासपत्रातील शब्दांवर अवलंबून राहील आणि वकिलांना काम मिळेल. तरीही विश्वस्तपद ही वतनदारी नाही, हे कायद्याने मान्य करणे मला महत्त्वाचे वाटते.

यावर जुन्या कार्यकर्त्यांचा आक्षेप ठाऊक आहे. माणसेच मिळत नाहीत, मुदती घालून काय करणार? आक्षेप खोटा नाही. पंचविशीतला तरुण शनिवारची संध्याकाळ संस्थेला देईल, हे गृहीत धरता येत नाही. पण माणसे मिळत नाहीत की त्यांना जागा मिळत नाही, हेही तपासले पाहिजे. नव्या माणसाला आधी उपसमितीत दोन वर्षे काम, मग मंडळात प्रवेश, सलग दोन मुदतींनंतर सक्तीची विश्रांती, आणि निवृत्ताला सल्लागाराचा मान पण मत नाही, एवढी साधी घडी बसवायला पैसा लागत नाही. पगारी व्यवस्थापक असेल तर त्याच्या रोजच्या कामात मंडळाने लुडबूड करू नये. वर्षातून एकदा त्याच्याकडून आणि स्वतःकडूनही कामाचा झाडा मात्र घ्यावा.

वार्षिक सभांच्या सूचना दरवर्षी निघतात आणि आपण त्या न वाचता रद्दीत टाकतो. या वेळी सूचना आली तर सभेला जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : मंडळातील सर्वांत नवा सदस्य केव्हा आला, फेरफार अर्ज वेळेवर दिले का, आणि ज्यांच्यासाठी ही संस्था आहे त्यांना शेवटचे कधी विचारले? उत्तरे न मिळाल्यास प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम करावेच लागते.