पॉइंटचा भाव काय?

पाचोडच्या बाजारात मोसंबी विकणारा पुकारलेल्या भावाला भुलत नाही. हमाली-तोलाई वजा जाता पट्टीवर किती उरले ते पाहतो. आखातात ये-जा करणाऱ्या आमच्या मंडळींनी विमान कंपन्यांच्या पॉइंटनाही हाच हिशेब लावावा.

समजा, तिकीट १८,००० रुपयांचे आहे. पॉइंटवर घेतल्यास २०,००० पॉइंट आणि वर करापोटी ६,००० रुपये लागतात. वाचले १२,०००, म्हणजे पॉइंट ६० पैशांचा. दीड हजार पॉइंटच्या मोहाने दोन हजार रुपये जास्त मोजणारा नऊशे मिळवतो, अकराशे गमावतो.

शिवाय हा भाव कंपनीच ठरवते. २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने थांबली आणि प्रवाशांचे साठलेले पॉइंट मातीमोल झाले. पॉइंट ही ठेव नव्हे, मोसंबीसारखा नाशवंत माल आहे. वेळेत खपवावा, असे आमचे मत आहे.