लाखांचे स्पीकर, दहा बाय बाराची खोली

‘सैराट’ची गाणी तुम्ही कशावर ऐकलीत? फोनवर, रिक्षात आणि वरातीतल्या डीजेवर, बरोबर ना? त्यातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा थेट हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झाला होता, याचं २०१६ मध्ये आपल्याला केवढं कौतुक होतं! आणि ऐकला कशावर, तर नखाएवढ्या स्पीकरवर.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या काकांकडे नवे, कमरेच्या वर येणारे स्पीकर आले. जोडीची किंमत सांगत नाही, पण तेवढ्यात एक बऱ्यापैकी कार येते. काकांनी त्यासाठी एक बेडरूम मोकळी केलीये. ‘याड लागलं’ लावलं आणि पाच मिनिटं आम्ही कुणीच बोललो नाही. व्हायोलिन्स या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली, आणि अजय गोगावलेंचा आवाज बरोब्बर मधून, जिथे स्पीकर नाहीच. अंगावर काटा वगैरे सगळं झालं.

तरी सांगते, या पहिल्या पाच मिनिटांच्या भरवशावर खिशाला हात घालू नका. किंमत ऐकूनच आपण खोलीत शिरतो ना! फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना दाखवून आणि पडद्याआड ठेवून, असे दोन्ही प्रकारे ऐकवले. मार्क बदलले. नवख्यांचेही आणि अनुभवी लोकांचेही. त्यात आवाजाची एक गंमत आहे. हळू आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो, त्यामुळे व्हॉल्यूम जरा चढवला की कुठलाही स्पीकर ‘भारी’ वाटतो. डेमो देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पण खरी मेख खोलीत आहे. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल, तर साधारण ५६ हर्ट्झचा सूर त्या दोन भिंतींमध्ये अडकून बसतो. भिंतीशी तो दणदणतो आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ गायब होतो. आम्ही खुर्ची सरकवून पाहिली. भिंतीला टेकवली तर ढोलपथक, मध्यात ओढली तर बास कुठे गेला कळेना. स्पीकर तेच, गाणं तेच! जाड पडद्यांनी वरचे, टोकदार सूर मऊ होतात, पण या खालच्या सुरांना पडदा म्हणजे काहीच नाही. लाखो रुपये स्पीकरवर घालायचे आणि खोलीचा विचार शून्य, याला काय म्हणायचं? इंटेरियरवाल्याला विचारलं तर तो फॉल्स सीलिंगचा रंग सांगणार.

अजून एक खटकलं. तो मधोमध उभा राहणारा आवाज एकाच खुर्चीत मिळतो. बाकीचे दोघं बाजूला बसून आपले ‘वा वा’ करत होते. पूर्वी घरातला एक रेडिओ सगळे मिळून ऐकायचे. आता आपण इअरफोनमध्ये एकेकटे, आणि काका लाखांच्या खोलीत एकटे. एवढं करून पुन्हा एकट्यानेच ऐकायचं असेल, तर मला ती किंमत जड वाटते. काकूंनाही वाटते, पण तो वेगळा विषय.

मग हे ऐकूच नये का? उलट एकदा तरी ऐकाच, नाहीतर आपण ईएमआयवर घेतलेल्या इअरबड्समध्ये काय हरवतंय हे कधीच कळणार नाही. जाताना तोंडपाठ असलेलं गाणं न्या. दोन स्पीकरची तुलना असेल तर आवाज सारखा ठेवायला लावा. डोळे मिटा आणि तासभर बसा. कानाला थकवा येतोय का, हे तासानंतरच कळतं. घरी साधे दोन स्पीकर असतील तर ते भिंतीपासून पुढे ओढा, कानाच्या उंचीला आणा. दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण जमवा. खर्च शून्य.

तेही नसतील तर कॉलेजात मास कॉमचा स्टुडिओ आहे का बघा. तिथे मॉनिटर स्पीकरची जोडी बहुधा असते, आणि दुपारी चारनंतर ती धूळ खात पडलेली असते. किल्ली मागा. रजिस्टरमध्ये सही करावी लागेल, तेवढी करा.